टिचबटणांचं लॅटिन

शाळेत तिला सगळे लॅटिनबाई म्हणत. आवाज खणखणीत, शिकवायची हौस दांडगी. पण सुरुवातीच्या वर्षांत मुलांच्या डोळ्यांवरची झापड काही तिला उतरवता आली नाही. फळाभर शब्दांची रूपं लिहायची, मुलांनी ती घोकायची आणि घंटा झाली की विसरायची. जो शब्द आधी येतो तोच कर्ता, अशी पोरांची ठाम समजूत. लॅटिनमध्ये तसं नसतं. शब्द कुठेही बसवा, कोण कुणाला काय करतंय ते शब्दाच्या शेवटावरून कळतं. हे सांगून सांगून तिच्या घशाला कोरड पडली.

एका संध्याकाळी ती तणतणत नवऱ्याच्या दुकानात शिरली. नवरा शिंपी. मशीन न थांबवताच त्याने विचारलं, "आज काय बिनसलं?"

"शब्दाचा शेवट बदलला की अर्थ बदलतो, एवढंही कुणाच्या डोक्यात शिरत नाही."

"बाकीचा शब्द तसाच राहतो?"

"तसाच."

"मग शेवट काढता-घालता येईल असा कर की." आणि त्याने टिचबटणांचा डबा तिच्यापुढे सरकवला.

उरल्यासुरल्या कापडाचे एप्रन झाले. छातीवर शब्द, शेजारी बटणाने लागणारी, शब्दाचा शेवट लिहिलेली शेपटी. करणाऱ्याची लाल, ज्याला केलं जातं त्याची निळी.

पहिल्याच दिवशी एक पट्टा उसवला. तो शिवायला नवरा वर्गात आला आणि पोरांनी त्यालाच धरलं. 'सार्तोर' म्हणजे शिंपी; हा शब्द करणारा असला की शेपटीवाचूनच पुरा. आयता खराखुरा शिंपी मिळाल्यावर कोण सोडतंय! त्याला 'एम'ची निळी शेपटी लागली. एक पोरगा लाल 'उस' लावून झाला 'लुपुस', म्हणजे लांडगा. तिसऱ्याच्या छातीवर 'मोर्देत', म्हणजे चावतो.

लुपुस सार्तोरेम मोर्देत. लांडगा शिंप्याला चावतो.

शिंपी हळूच सरकून लांडग्याच्या पुढे जाऊन उभा राहिला. "आता?"

"आताही तुम्हालाच चावतो, काका! शेपटी निळीच आहे ना!" मागच्या बाकावरची, रोज पेंगणारी मुलगी ओरडली. ती तरातरा पुढे आली. तिने शिंप्याची शेपटी टिच्चकन काढली, लांडग्याची लाल उपटून 'उम'ची निळी लावली आणि वाचलं, "सार्तोर लुपुम मोर्देत."

मग कुणीतरी किंचाळलं, "शिंपी लांडग्याला चावतो!"

नवऱ्याने दात विचकले. लांडगा कपाटामागे पळाला. बाई खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. कर्ता कसा ओळखायचा, हे त्या वर्गाला पुन्हा सांगावं लागलं नाही.

सुट्टीत दोघं दुकानात बसून नवे शब्द शिवू लागली. ती खडूने आखायची, तो कापायचा. चहा निवून जायचा.

"संपत आलं ना आता?" एकदा त्याने सुईत दोरा ओवत विचारलं.

"नामं संपत आली. क्रियापदांना अजून हात कुठे लावलाय!"

त्याने लांब उसासा टाकला आणि नवं कापड पसरलं.