पार्माची तीन नाणी आणि आईची चिंच

मंडळी, सकाळपासून डोकं गरम आहे, लिहून मोकळी होते.

पार्मा हे इटलीतलं एका ड्यूकचं जुनं राज्य, आपल्याकडच्या संस्थानासारखं. मी तिथली नाणी जमवते. तांब्याची एक, तीन आणि पाच सेंतेसिमीची नाणी मिळवायला चार वर्षं लागली. आज मी राहते त्या पार्सिपनी गावातल्या आमच्या कॉइन क्लबमध्ये ती पहिल्यांदा डिस्प्लेला ठेवणार होते.

सकाळी डबी उघडली, तर तिन्ही लखलखीत! नागपूरहून आलेल्या आईने चिंच-मीठ लावून घासली होती. "लोक बघणार, आणि तू काळं तांबं दाखवतेस?"

यार, जुनं नाणं कधीच घासायचं नसतं! तो काळपट थर हीच त्याची शान.

कॅन्सल करणार होते, पण गेले. आईलाही नेलं. नाण्यांखाली चिठ्ठी ठेवली: 'माझ्या आईने चिंचेने घासलेली.' एका म्हाताऱ्या मेंबरने भिंगातून बघून हळहळत मान हलवली. आईला इंग्लिश येत नाही, पण ती मान तिला बरोबर कळली.

गाडीत हळूच म्हणाली, "पुन्हा काळी व्हायला किती वर्षं लागतील गं?"

"शंभर तरी."

"मग तुझ्या लेकीला आत्ताच सांगून ठेव, घासू नको म्हणून."

ठरलं. ही तीन चिठ्ठीसकट डबीतच राहणार. आणि दुसरी तीन मी शोधणारच, आणखी चार वर्षं लागली तरी.

तुमच्याकडे आहे का असं काही, आईने बिघडवलेलं आणि तरी जपून ठेवलेलं?