माहेरचं लुगडं पोचलं नाही

धाकटी बहीण नांदूरघाटला सवाष्ण मेली. सवाष्णीवर माहेरचं हिरवं लुगडं घालतात, मगच उचलतात. आम्ही शिरूर कासारकडचे. निरोप आला तसे भाऊ आणि मी भाड्याची जीप करून निघालो.

लुगडं गावातल्या दुकानात मिळत होतं. तेच घेऊन बीडाबाहेरच्या बायपासने गेलो असतो तर वेळेत पोचलो असतो. पण भाऊ म्हणाला, "इथलं नेलं तर सोयरे नावं ठेवतील. बीडात चांगलं घेऊ."

"ती बघणार हाय का काठ?" मी विचारलं. त्याने ऐकलं नाही.

बीडात दुकानापुढे ड्रायव्हरने जीप रस्त्यातच लावली. "दोनच मिनिटं," म्हणाला. पुढेमागे सगळे दोन मिनिटंवालेच उभे होते. लुगडं घेऊन बाहेर आलो तर उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट जीपपाशी अडकलेला. त्याच्या मागे एसटी, रिक्षा, क्लासची पोरं. समोरून गाड्या घुसलेल्या. कुणालाच मागे सरकता येईना.

"काय बे, बापाचा रस्ता हाय का?" रिक्षावाला आमच्या ड्रायव्हरवर ओरडला.

केळीवाली माझ्यावर खेकसली, "लुगडी कसली घेत बसलाव? लगीन निघालंय व्हय?"

"मयत हाय," मी म्हणाले.

तिने आपला गाडा मागे ओढला, शेजारणीलाही ओढायला लावला. तरी ट्रॉली हलेना. हवालदार आला, शिट्ट्या मारून गेला. भाच्याचा फोन सारखा येत होता. "मामा, कुठवर आलाव?" मग, "मामा, लोक थांबंनात." पुढे भावाने फोन उचललाच नाही.

आम्ही पोचलो तेव्हा चिता पेटली होती. अंगावर सासरचंच लुगडं घालून तिला नेलं होतं.

बहिणीच्या घरी भाची दारात बसली होती. म्हणाली, "मावशे, कावून एवढा उशीर?"

"रस्ता जाम होता."

मला स्वतःलाच ते खोटं वाटलं. भावाने लुगडं पुढे केलं. तिने हात लावला नाही.

आता बीडातल्या त्या रस्त्यावर दुभाजक घातलाय. केळीवालीला तिथून उठवलं. गाड्या मात्र दुकानापुढे तशाच लागतात. माझं मत विचाराल तर, ज्याच्याकडे गाडी लावायला जागा नाही त्याला दुकान उघडू देऊ नये, आणि ट्रॉल्या दिवसा शहरात सोडू नयेत. पण मला कोण विचारतं.

भाची दर वर्षी चार दिवस माझ्याकडे राहायला यायची. यंदा आली नाही. मीही बोलावलं नाही. बोलावून काय सांगणार होते?