पाकिटातला शर्ट

इस्त्रीच्या दुकानात टीव्ही चालू होता. नव्या ताऱ्याची बातमी सांगताना पोपटांच्या चित्रांचा शर्ट घातला, म्हणून दोन दिवस शिव्या खाल्लेले शास्त्रज्ञ आज पांढऱ्या शर्टात माफी मागत होते.

"सुधारले बुवा," मी म्हणालो.

इस्त्रीवाले बबनराव पडद्याजवळ गेले. "साहेब, हा शर्ट त्यांचा वाटत नाही. छातीवरच्या चौकोनी घड्या बघा. आत्ताच पाकिटातून काढलाय. कुणीतरी आणून दिला असणार."

घड्या होत्याच. मग मला त्या माफीचाही संशय यायला लागला. तिचे शब्द तसेच कडक, कोरे, दुसऱ्याच कुणाच्या तरी पसंतीचे वाटले. एवढ्या गदारोळात त्या माणसाचं स्वतःचं असं काही दिसलं असेल, तर ते पोपटच. आणि दोन दिवस मी त्यांनाच हसत होतो.