घरचा कापूस

माझ्या बायकोचा डावा कान लहानपणापासून वाहायचा. लग्नात ही गोष्ट कोणी लपवली नव्हती, पण मोठ्यानं सांगितलीही नव्हती. पुढे उजव्या कानानंही हळूहळू साथ सोडली. पन्नाशीच्या आत ती माझं बोलणं कानांपेक्षा तोंडाकडे बघूनच समजून घ्यायला लागली, अन् मी तिच्याशी कमी बोलायला लागलो. हे पहिल्यांदाच लिहितो आहे. सौंसरच्या शाळेत मी एकच पाढा पोरांना दहादा सांगायचा पगार घेतो. घरी मात्र "काय म्हणलं जी?" असं तिनं दुसऱ्यांदा विचारलं की माझं डोकं फिरायचं.

मागच्या दिवाळीच्या आधी तिच्या डाव्या कानाच्या पडद्याचं नागपूरला ऑपरेशन झालं. डॉक्टर मॅडम भल्या. टाके काढल्यावर त्यांनीच सांगितलं, दर वेळी एवढ्या लांब येऊ नका, पुढचं मोबाईलवर व्हिडिओनं पाहू, गरज पडली तरच बोलावीन. मला बरंच वाटलं. नागपूर म्हणजे अख्खा दिवस जातो, अन् आमच्या शेतात वेचणी सुरू झालेली.

पहिला कॉल आला तेव्हा आम्ही समोरच्या खोलीत बसलो होतो. दिवाळीच्या सुमारास त्या खोलीत दुसरं काही मावत नाही. छातीएवढा कापसाचा ढीग असतो. फोन माझ्या हातात होता, ती शेजारी, पदर सारखा करून. आमच्याकडे डॉक्टरशी बोलायचं ते घरच्या माणसानं. बाई शेजारी बसते, दुखणं तिचं असलं तरी. त्यात हिला फोनमधला आवाज फुटल्यासारखा ऐकू यायचा, त्यामुळे मी मध्ये असणं कोणालाच वावगं वाटलं नाही.

मॅडमना आमच्या मागचा ढीग दिसला. त्या हसल्या. "अरे वा, एवढा कापूस! पण गुरुजी, हा नाही हं कानात घालायचा. यात काडी-कचरा असतो, तंतू आत राहतात. डोक्यावरून पाणी घेताना हा दुकानातला घ्यायचा, व्हॅसलिन लावून, अन् लगेच काढून टाकायचा." असं म्हणून त्यांनी एक निळं पुडकं कॅमेऱ्यासमोर धरलं.

फोन ठेवल्यावर तिनं विचारलं, "काय म्हणे मॅडम?"

"बरं आहे म्हणते. पाणी घेतानी कापूस घालाचा. व्हॅसलिन लावून."

"अन् हासली काऊन?"

"आपला ढीग पाहून."

"ते निळं काय दाखवलं?"

"तेच. कापूस."

मी खोटं बोललो नाही. फक्त अर्धं सांगितलं. बाहेर ओट्यावर शेजारची माणसं बसली होती. तिला सगळं सांगायचं म्हणजे ओरडायचं, अन् त्यांच्यापर्यंतही ते जाणार, याचा मला कंटाळा आला. दुसरंही एक कारण होतं, ते सांगायला जास्त लाज वाटते. मॅडमचं बोलणं मला थोडं लागलं होतं. आमच्या कापसात पांढुर्ण्याच्या बाजारात व्यापारी हात घालून बघतात अन् पसंतीची मान हलवतात. तो कानात चालत नाही म्हणजे काय?

दोन दिवसांनी तिनं नहाणीकडे जाताना ढिगातून एक बोंडाएवढा पुंजका उचलला, सरकी नखानं काढली, बोटांत पिंजला, व्हॅसलिनच्या डबीत बुडवला अन् कानात घातला. मी तिथंच चहा पीत होतो. मी पाहिलं. तिनंही मी पाहतो आहे हे पाहिलं. मी बशी तोंडाला लावली.

दुसरा कॉल मधल्या सुट्टीत शाळेतच आला. "त्यांना दाखवा ना," मॅडम म्हणाल्या. मी म्हटलं, मॅडम, त्या घरी आहेत, सगळं ठीक आहे. आदल्या रात्रीच ती म्हणाली होती, "अजी, कान खाजवून राहिला. उशीले वास येते." मी म्हटलं होतं, "जखम भरून येते तवा खाजवतेच." हे कोणत्या डॉक्टरनं मला सांगितलं होतं?

मग कानातून पाणी यायला लागलं. मी शाळेत असताना ती एकटीच गावच्या आरोग्य केंद्रात गेली. तिथल्या नर्सताईंकडे पेनासारखा बारीक कॅमेरा आहे; तो कानाशी धरला की आतलं चित्र मोबाईलवर दिसतं. त्यांनी मला फोन करून बोलावून घेतलं. मी पोचलो तेव्हा मॅडम नागपूरहून ते चित्र पाहत होत्या. लालभडक भिंती, मधे पिवळट गुंता, अन् त्यात वाळल्या पानाचा काळा ठिपका. कापूस पिकवणाऱ्याला ती पत्ती ओळखू यायला चष्मा लागत नाही.

"हा कुठला कापूस आहे?" मॅडमनी विचारलं.

नर्सताई माझ्यासारख्या नव्हत्या. त्या हिच्या समोर उभ्या राहिल्या, तोंडाला तोंड करून एकेक शब्द सांगितला. "काकू, मॅडम इचारते, कापूस कुठला घातला?"

तिनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "घरचा. मीच घातला."

"मी तुमच्या मिस्टरांना स्पष्ट सांगितलं होतं—"

हेही ताईंनी तिला सांगितलं. ती म्हणाली, "हाव, त्यायनं सांगतलं होतं. माह्याच ध्यानात नाही राह्यलं."

मला तिथं गप्प तरी बसता आलं असतं. मी म्हणालो, "मी सांगितलं होतं, मॅडम."

नागपूरला नेऊन दुर्बिणीखाली कान साफ केला. पडदा बराचसा धरला होता, पण खाली एक भोक राहिलं. ऐकू जेवढं यायला पाहिजे होतं तेवढं आलं नाही. घरी परत येताना बसमध्ये ती खिडकीशी बसली. जामसांवलीच्या मारुतीचा फाटा आला तशी तिनं हात जोडले. मी जोडले नाहीत. मारुतीला काय म्हणणार होतो?

पुढचे काही महिने मी चांगला वागलो. अपराधी माणूस वागतो तसा. तिला न विचारता चहा करून द्यायचो, निळी पुडकी दोन-दोन आणायचो. "काय झालं तुमाले? बदली-गिदली झाली काय?" ती हसून विचारायची. मी काही सांगत नव्हतो.

उन्हाळ्यात मॅडमचा कॉल होता. पुन्हा ऑपरेशन करायचं की नाही ते ठरणार होतं. ती त्या दिवशी सकाळपासून तयार होती. नवी साडी नेसली होती, फोनवर दिसायचं म्हणून. मॅडम जुने कागद चाळत म्हणाल्या, "गुरुजी, खरं सांगू? पडदा पुन्हा बसवता येईल. पण घरी पथ्य पाळलं गेलं नाही तर उपयोग नाही. मागच्या वेळी सांगूनसुद्धा त्यांनी घरचा कापूस घातला. त्यापेक्षा थांबू या. तोवर कानाचं मशीन लावून पाहा."

ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. "काय म्हणे? कधी बोलावलं?"

तेव्हा मला कळलं की माझं एक वाक्य तिच्या कागदावर जाऊन बसलं आहे, अन् त्याच्यामुळे तिचा कान तसाच राहणार आहे. मी मॅडमना म्हणालो, "मॅडम, तिची चूक नव्हती. मी तिला सांगितलंच नव्हतं. तुम्ही म्हणालात ते सगळं मी गिळलं. तिनं ढिगातला कापूस घेतला तेव्हा मी समोर होतो."

मॅडमनी हातातले कागद खाली ठेवले. मग मॅडम म्हणाल्या, "हे त्यांना माहीत आहे?"

"नाही."

"सांगा मग. मी थांबते."

मी फोन मांडीवर ठेवला, तिच्याकडे वळलो अन् मोठ्यानं, ओट्यावर कोण आहे ते न बघता, सगळं सांगितलं. निळं पुडकं, काडी-कचरा, तंतू, शाळेतला कॉल. तिनं मधे एकदाही "काय म्हणलं?" विचारलं नाही.

"मले माहीत आहे," ती म्हणाली.

"कसं?"

"मॅडमनं पुडकं धरलं, ढिगाकडं बोट केलं, अन् असा हात हालवला. मले का डोळे नाही?"

"मग घातला काऊन?"

"तुम्ही बसले होते ना समोर. मी उचलला, तुमच्याकडं पाहिलं. म्हटलं मास्तर माणूस आहे, वाईट असतं तं मना करतीन. तुम्ही चाय पेत राहिले. मले वाटलं, माहीच समज चुकली अशीन."

"अन् ताईसमोर मले वाचवलं कायले?"

"चार लोकायत तुमाले खाली पाहाले लावू काय?" मग आवाज चढवून, "पण मले वाटलं घरी येऊन तं सांगान! दिवाळी गेली, होळी गेली. नुसता चाय पाजून राहिले!"

मांडीवरच्या फोनातून मॅडमचा हुंकार ऐकू आला. त्या हसल्या की काय, मला कळलं नाही.

"द्या इकडं," ती म्हणाली. "आता मी बोलतो मॅडमसंग. तुम्ही फक्त धरा."

मॅडमनी एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तो कॅमेऱ्यासमोर धरला: पावसाळा संपल्यावर करू. तिनं तो ओठ हलवत वाचला, पुन्हा वाचला, अन् विचारलं, "दिवाळीच्या आधी का मागून? नाही, तवा घरात कापूस येते." मॅडम दुसरा कागद लिहायला लागल्या. माझा हात भरून आला होता, तो नकळत खाली गेला.

"अजी, वर धरा," ती म्हणाली. "मॅडमचं तोंड दिसून नाही राह्यलं."