बरणीत पडलेलं भोक

आमच्या नौपाड्याच्या ऑफिसात कारखान्यांच्या पाइपांची ड्रॉइंग मी काढतो आणि ते पाइप कशाचे हवेत ते मॅडम ठरवतात. त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्याला एक लोहचुंबक असतं. लग्नाच्या जेवणातही आधी ते ताटाला लावून स्टील कसलं ते बघतील, मग वरणभात वाढून घेतील. बोलणं इतकं भराभर, की पहिलं वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू.

डोंबिवलीच्या एका रंगाच्या कारखान्याला त्यांनी महागातलं स्टेनलेस स्टील सुचवलेलं. मालक एका पायावर तयार होते. तरी मॅडमनी ऑर्डर थांबवली, कारखान्याच्या पाइपांतून वाहणारं अ‍ॅसिडचं पाणी मागवलं आणि खिडकीत लोणच्याच्या मांडतात तशा बरण्या मांडून त्यांत स्टीलचे, रबराचे, प्लास्टिकचे तुकडे दोऱ्याने सोडले. रोज सकाळी खांद्यावरची पर्सही न उतरवता त्या आधी बरण्यांत डोकावायच्या.

परवा त्यांनी स्टीलचा तुकडा वर काढला, धुतला, पुसला आणि डोळ्यासमोर धरला. त्यातून ट्यूबलाइट दिसत होती.

"अहो, भोक पडलं, आरपार!" असं म्हणत त्या प्रत्येक टेबलापाशी जाऊन तो दाखवत फिरल्या. मग स्वतःच खाली उतरून पेढे घेऊन आल्या.

मी म्हटलं, "मॅडम, पण हे तुम्हीच सुचवलेलं स्टील ना?"

"मीच की. बरणीत कळलं म्हणून पेढे. त्या पाइपाखालनं दिवसभर माणसं ये-जा करतात हो. घ्या, अजून एक घ्या."