वर्लाच्या दोरीवरचा मुकुट

सेजवेलच्या रोडिओत, म्हणजे घोडेस्वारीच्या जत्रेत, राणी कोण होणार हे परीक्षकांच्या आधी वर्ला हॅन्सकॉमला कळतं, असा गावाचा समज होता. तो तिनेच पसरवला होता. दर उन्हाळ्यात स्पर्धेच्या सकाळी ती एक मुलगी हेरायची आणि दिवसभर कॅमेरा घेऊन तिचीच पाठ धरायची. दुसऱ्या दिवशी गावच्या न्याहारीला, पॅनकेकच्या तव्यांशेजारी, ते फोटो कपड्यांच्या दोरीवर चिमट्यांनी टांगले जायचे. सुरुवातीला तबेला, शेवटी मुकुट. आजवर ती चुकली नव्हती.

यंदा पशुखाद्याच्या दुकानाचा मालक ऑरिन म्हणाला, "चुकलीस तर पुढच्या वर्षीपासून फोटोंची दोरी माझ्या जावयाची. त्यानं उडता कॅमेरा घेतलाय." चारचौघांत वर्ला हो म्हणून बसली.

तिने टॅन्सी निवडली. मांड पक्की, भाषण तोंडपाठ, चमकीच्या शर्टाला एक सुरकुती नाही. पण भरधाव घोड्यावरून सलामी देताना टॅन्सीची हॅट उडाली. हॅट पडली की गुण गेले, हे तिथलं रांगतं पोरही जाणतं. मुकुट टॅन्सीच्या मैत्रिणीला, मॅरिनला मिळाला, आणि वर्लाकडे मॅरिनचा मुकुट घालतानाचा फोटो सोडला तर काहीच नव्हतं.

घरी ती तोंड पाडून फोटो चाळत बसली. मग तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. टॅन्सी खोगीर कसतेय, मागे लगाम धरून मॅरिन. टॅन्सीच्या हॅटला पिना लावणारी मॅरिन. कुंपणाखालून वाकून धुळीतली हॅट उचलणारीही मॅरिनच. काखेत कळसा नि गावाला वळसा! वर्लाने फोटोंच्या कडा छाटायला घेतल्या.

सकाळी दोरीवर टॅन्सीचा कुठे खांदा होता, कुठे कोपर, मधोमध मॅरिन. टॅन्सी पिनांच्या फोटोशी थबकली. मैत्रिणीकडे वळून म्हणाली, "म्हणजे माझी हॅट तूच पाडलीस."

"म्हणून तर उचलून आणली ना," मॅरिन म्हणाली. दोघी खिदळत पॅनकेकच्या रांगेत गेल्या.

ऑरिन ताट घेऊन दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा फिरला. काल वर्ला टॅन्सीच्या मागे होती हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि ते त्याने बोलूनही दाखवलं.

वर्लाने पॅनकेकवर पाक ओतला. "जावयाला सांग," ती शांतपणे म्हणाली, "वरून नुसत्या हॅट दिसतात."