सातची रिंग

पोचसरांना कुणी "नमस्कार सर" म्हटलं, तर ते लगेच उलट नमस्कार करत नसत. नमस्कार आपल्यालाच आहे ना, हे आधी मागे वळून बघत आणि मग "पोचला" म्हणत. उद्याचं प्रॅक्टिकल दहाला, एवढं सांगूनही ते वर्गाबाहेर पडत नसत. दारात थांबून कुणाकडे तरी बोट करत. "काय सांगतलं मी? पोच दे." त्या पोराने "उद्या दहाला" म्हटलं की मग त्यांचं पाऊल पुढे पडे. त्यांचं खरं नाव वेळापत्रकात होतं. आमच्या तोंडी मात्र पोचसरच.

यवतमाळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला ते आम्हाला डेटा कम्युनिकेशन आणि कॉम्प्युटर नेटवर्किंग शिकवायचे. नोकरी कायम नव्हती, तासावर होती. दारव्ह्याच्या अलीकडे एक बंजारा तांडा आहे, तिथले ते पहिले इंजिनिअर. धाकटा भाऊ देविदास शेती बघायचा, आणि त्याने बघितली म्हणूनच थोरला शिकला, हे सर दर आठ-पंधरा दिवसांनी कुणाला तरी सांगत. आमच्या घरी उलट. तीन पिढ्या सरकारी टेबलामागे बसलेल्या. पोचपावती घेतल्याशिवाय माझ्या वडिलांनी देवापुढे नारळसुद्धा ठेवला नसता. त्यामुळे सरांचा विषय आपल्या रक्तातच आहे, अशी माझी समजूत होती.

त्या समजुतीला पहिला धक्का चाचणी परीक्षेत बसला. "पोच मिळाली, तर काय सिद्ध होतं?" असा प्रश्न होता. मी ठोकून दिलं, "समोरच्याला निरोप कळला हे सिद्ध होतं." सरांनी त्यावर लाल रेघ मारली. मी भांडायला गेलो, तर त्यांनी हातात केबल टेस्टर दिला. तारेची दोन्ही टोकं त्यात खोचली की आठ हिरवे दिवे ओळीने लागतात. "लागले ना दिवे? म्हणजे तार धड हाय. पोच मशीन देते बे, माणूस नाही. पलीकडं खुर्चीवर कोणी बसून हाय का खुर्ची रिकामी हाय, हे दिवा सांगते का?" मी मान हलवली आणि बाहेर येऊन मित्रांना म्हणालो, सर अर्ध्या मार्कासाठी फार ताणतात.

कापसाची ती वाईट वर्षं होती. आमच्या होस्टेलचा फोन मेसच्या दाराशी होता. तो वाजला की जेवणाऱ्यांचे हात थांबायचे. मॅनेजर कुणाचं नाव घेतो याकडे सगळ्यांचे कान. ज्याचं नाव घेतलं जाई तो ताटावरून उठे आणि बाकीचे मान खाली घालून जेवत. मी गावातला, घरी राहणारा, कधीमधी मेसमध्ये जायचो. तरी माझाही हात ताटातच थांबायचा.

सरांनी स्वतःपुरता यावर उपाय काढला होता. देविदासला त्यांनी एक साधा मोबाइल घेऊन दिला होता. रेंज तांड्यात कुठेच नव्हती, फक्त पाण्याच्या टाकीच्या वरच्या पायरीवर मिळायची. रोज संध्याकाळी शेतातून आला की देविदास टाकीवर चढायचा आणि दादाला मिस्ड कॉल द्यायचा. एक रिंग वाजली, कट झाली, की तांड्यात सगळं ठीक. पैसा लागत नाही, बोलणं लागत नाही. सर त्या वेळी प्रयोगशाळेतच असायचे. रिंग आली की "पोच आली" म्हणत आणि लगेच त्यांचा आवाज मोकळा होई.

माझा सेमिनार होता नेटवर्कमधल्या विलंबावर. म्हणजे निरोप किती उशिरा येतो आणि तो उशीर रोज किती कमीजास्त होतो. मोजायला कॉम्प्युटर हवेत आणि आमच्याकडे संध्याकाळची वीज गेलेली. सर गमतीने म्हणाले, "माह्या भावाची रिंग मोज. खरा विलंब तोच." मी खरोखरच वही घातली. सात बारा. सात चार. सात सव्वीस. सात नऊ. महिनाभर असंच वरखाली. फवारणीचे दिवस होते, देविदासची पाठ कधी लवकर मोकळी व्हायची, कधी उशिरा.

मग एका सोमवारी रिंग बरोबर सातला आली. मंगळवारी सातला. बुधवारी, गुरुवारी सात. त्या आठवड्यात सरांच्या कायम नोकरीच्या मुलाखतीची तयारी चालू होती. रिंग ऐकून ते "पोच आली" म्हणायचे आणि पुन्हा मेणबत्तीजवळच्या पुस्तकात डोकं घालायचे. शुक्रवारीही सातच वाजले होते. मी वही घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिलो. चेहऱ्यावर मोठा शोध लावल्याचा आनंद.

"सर, पाच दिवस विलंब एकदम शून्य! लाइन सुधारली."

सरांनी वही घेतली. आकड्यांवरून बोट फिरवलं आणि शेवटच्या पाच ओळींवर ते थांबलं.

"लाइन सुधरली म्हणून माणूस घड्याळ लावून टाकीवर चढते का बे?"

त्यांनी भावाला फोन लावला. पूर्ण वाजला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. मग ते नुसतं "चाल" म्हणाले.

माझ्या स्कूटरवर आम्ही निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस उभा होता आणि हवेत औषधाचा उग्र वास भरला होता. वाटेत सर एकदाच बोलले. "कधीपासून सात म्हणतो?"

"सोमवारपासून."

त्यांनी पोच दिली नाही.

तांड्यात शिरताना पहिली टाकीच लागते. तिच्या पायथ्याशी सरांची आई बसली होती. सर तिला याडी म्हणायचे. तिच्या मांडीवर मोबाइल होता. आत देविदास खाटेवर होता. सर त्याच्या तोंडासमोर उभे राहिले, डोक्यावर दिवा चालू होता, आणि देविदासने विचारलं, "कोण?"

गोरबोलीतलं त्यांचं बोलणं मला अर्धंच कळलं, पण तेवढं पुरे होतं. फवारणी करताना औषध अंगावर आलं होतं. रविवारी डोकं दुखलं, उलट्या झाल्या, उन्हाचा त्रास असेल म्हणून सोमवारी तो पुन्हा पंप पाठीवर घेऊन गेला. त्याच संध्याकाळी नजर धूसर झाली. दादाची मुलाखत आहे, त्याला कळवायचं नाही, असं त्याने आईला बजावलं होतं. तिला आकडे येत नव्हते. हिरवं बटण दोनदा दाबायचं आणि एकदा वाजलं की लाल, उलट फोन आला तर उचलायचा नाही, एवढं त्याने शिकवलं. ती रेडिओ आणि मोबाइल घेऊन वरच्या पायरीवर जाऊन बसायची आणि रेडिओवर सातचा ठोका पडला की बटण दाबायची. बिचारीने एक दिवसही चुकवलं नव्हतं.

जीप करून आम्ही देविदासला यवतमाळच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केला. तिसऱ्या दिवशी तो गेला.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी सरांना म्हणालो, "सर, मी सोमवारीच लिहून ठेवलं होतं." मला त्यांच्याकडून शिवी हवी होती. ते समोरच्या रिक्षांकडे बघत होते.

"तू लिहिलं. मी तर ऐकलं होतं," ते म्हणाले. "अन् मले बरं वाटलं होतं. सातच्या सातला आली, म्हटलं आता निवांत अभ्यास कर."

मुलाखतीला ते गेले नाहीत. कॉलेजही सोडलं. याडी एकटी, शेत उघडं. मी एसटी स्टँडवर पोचवायला गेलो, तेव्हा त्यांनी केबल टेस्टर माझ्या हातात ठेवला. तो कॉलेजचा नव्हता, त्यांचा स्वतःचा होता. माझ्या तोंडून सवयीने गेलं, "पोचल्यावर रिंग द्या, सर." बोलल्यावर जीभ चावली. सर गाडीत चढले.

संध्याकाळी आमच्या घरचा फोन वाजला. घड्याळात सात वाजून सतरा मिनिटं झाली होती. एक रिंग झाली. मी मनात म्हटलं, पोचले. आणि उचलायला उठलोच नाही. पण फोन वाजतच राहिला. चौथ्या की पाचव्या रिंगला मी धावलो.

"उचलून काहून नाही राह्यला?"

"मला वाटलं, रिंग दिली तुम्ही."

पलीकडे वारा ऐकू येत होता. ते टाकीवर असणार.

"याडीनं अर्धी भाकर खाल्ली," सर म्हणाले. "मी नाही जेवलो अजून. झोप येत नाही. देविदासची चप्पल दारातच हाय. आता तू बोल."

 आईने पिठलं केलंय, एवढंच मी सांगितलं.

"हां," ते म्हणाले. "अजून बोल."

त्यानंतर मी आजवर कुणालाही मिस्ड कॉल दिलेला नाही.